सव्वीस मिनिटांची वर्दी

ते साल एकोणीसशे एकसष्ट. गावात आगीचा बंब एक, अँब्युलन्स एक आणि टेलिफोन सगळे मिळून साठ-सत्तर. बंब आणि अँब्युलन्स नगरपालिकेच्या मागच्या आवारात शेजारी शेजारी उभे असत. बंबाचं पितळ इतकं घासलेलं असायचं की त्यात बघून भांग पाडावा. लोक पाहुण्यांना मुद्दाम तिकडून फिरवून आणत. दिसायला सगळं चोख होतं, आणि त्या काळी दिसण्यावर लोकांचा विश्वासही होता.

उन्हाळ्यातल्या एका गुरुवारी, दुपारी तीनला नऊ मिनिटं कमी असताना, त्या अँब्युलन्समधून एका शिंप्याला सरकारी इस्पितळात आणलं. तो वाटेतच गेला होता.

मोठ्या सिस्टरने त्याची नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि रीतीप्रमाणे भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लिहिली. वीस वर्षं ती हेच करत आली होती. शिंपी दम्याचा जुना रोगी. ओठ निळे पडलेले. अशा माणसाला वेळेवर प्राणवायू मिळाला तर तो चार तासांनी चहा मागतो, हे तिने किती तरी वेळा पाहिलं होतं.

"सिलिंडर कुठाय?" तिने ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणत, कारण रिकाम्या रस्त्यावरही तो भोंगा वाजवल्याशिवाय गाडी काढत नसे.

"संपला होता, बाई. भरायला दिलाय."

"कुणाकडे?"

"तुमच्याच कोठीत की."

कोठीची किल्ली सिस्टरच्याच कमरेला होती. कोठीत आठवडाभरात एकही सिलिंडर आलेला नव्हता. तिने शिंप्याला कुशीवर वळवलं आणि तिचा हात थबकला.

सदऱ्याची पाठ ओलीचिंब होती. नुसती ओली नाही, गार. आणि त्या ओलीला लाकडाचा बारीक भुसा चिकटलेला होता.

"डॉक्टर, हे बघा."

थोरल्या डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "दम्याचा झटका आहे, सिस्टर. मरणाचा घाम गारच असतो."

"आणि भुसा?"

"कामगार माणूस. कुठे तरी लागला असेल."

बाहेर बाकावर शिंप्याची बायको बसली होती. ती रडत नव्हती. समोरच्या भिंतीकडे बघून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सव्वादोनच्या आधी फोन केला होता हो. सव्वादोनच्या आधी."

सिस्टर तिच्याजवळ टेकली. "तुमच्या आसपास कुणी सुतार आहे का?"

"नाही. एका बाजूला औषधाचं दुकान, दुसरीकडे भिंत. का हो?"

"काही नाही. हे कुठे काम करत होते सकाळपासून?"

"मशिनवर. दुसरं कुठे जाणार? पाहुण्यांसाठी नगरपालिकेचे पडदे शिवून द्यायचे होते. कापडाच्या धुळीनेच दम लागला."

पाहुणे म्हणजे सरकारी पाहणी समिती. गावाला आपत्कालीन सेवेसाठी वाढीव निधी द्यायचा की नाही, हे ठरवायला दोन अधिकारी त्याच दिवशी आले होते. नियम असा, की ज्या गावाची गाडी वर्दी मिळाल्यापासून आठ मिनिटांच्या आत पोचते, त्यालाच पैसा. ज्यांच्याकडे पोचत नाही, त्यांनी आधी पोचून दाखवायचं. हा नियम ज्या कुणी केला, त्याला स्वतःला कधी दम लागला नसावा.

सिस्टर घरी आली तेव्हा तिची नणंद ओट्यापाशी उभी होती. हातात कागद. सिस्टरचा नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले दहा महिने पाण्यावर. घरात या दोघीच. नणंद चाळिशीची, लग्न न केलेली, जिभेची तिखट, आणि गेली सहा वर्षं नगरपालिकेच्या वर्दी-खोलीत टेलिफोनवर. आगीची किंवा आजाऱ्याची वर्दी तिनेच घ्यायची आणि खाली घंटा वाजवायची.

"वाचा," नणंदेने कागद पुढे केला. "कामावर झोपले मी. सव्वीस मिनिटं. माणूस मारला मी."

कागदात तसंच होतं, फक्त सरकारी भाषेत. औषधवाल्याच्या वहीप्रमाणे फोन दोन वाजून बारा मिनिटांनी झाला. वर्दीवहीत तिच्याच अक्षरात वर्दीची वेळ दोन अडतीस. मधली सव्वीस मिनिटं तिने वर्दी घेतलीच नाही. निलंबित. सोमवारी चौकशी, पुढे फौजदारी.

"वन्सं, तुम्ही दोन अडतीस कशाला लिहिलंत?"

"कारण तेच लिहायचं असतं! वहिनी, तुम्ही पण अशा बघू नका हो. फोन आला की पाटीवर खडूने खरी वेळ लिहायची. गाडी हलली की ती वेळ वहीत लिहायची. पाळी संपली की पाटी पुसायची. दोन वर्षं असंच चाललंय."

"म्हणजे माणूस तासभर तडफडला, तरी वहीत चारच मिनिटं?"

"चाक हललं की वर्दी सुरू. असं सांगितलंय आम्हाला."

"कुणी?"

"सगळ्यांनीच. बंबवाल्या साहेबांनी, अध्यक्षांनी, तात्यांनी. तोंडीच. आता म्हणतात, असा नियमच नव्हता."

दोन वर्षं ही बाई रोज घरी येऊन जेवत होती आणि हे खोटं इतकं अंगवळणी पडलेलं, की सांगण्यासारखं काही आहे असंही तिला वाटलं नव्हतं.

"मग पाटी दाखवा ना त्यांना. दोन बारा लिहिलेलं असेल तिच्यावर."

"पुसलीय."

"कुणी?"

"मी नाही. दोन बाराला फोन आला, मी घंटा वाजवली. तीनदा. खाली कुणी नाही. खाली धावले तर बंबाची माणसं पाहुण्यांना सलामी द्यायला सभागृहावर गेलेली, आणि अँब्युलन्सची जागा रिकामी. औषधवाल्याचे आणखी दोन फोन आले. अडतीसला भोंगा बाहेरून गाडी घेऊन आला, मी खिडकीतूनच ओरडले, तो तसाच गेला. आणि आता तो म्हणतो, मी जागेवरच होतो, घंटाच वाजली नाही."

"आणि पाटी?"

"पाहुणे खोली बघायला यायचे होते. साडेतीनला. मी रडत होते, वहिनी. तात्या आले. म्हणाले, 'जा बाळ, तोंड धुऊन ये, मी बसतो फोनवर.' आले तोवर पाहुणे आत शिरले होते. त्या गडबडीत कुणी तरी फडकं मारलं असेल."

"कुणी तरी म्हणजे?"

"तात्यांचं नाव घेऊ नका," नणंद एकदम कडाडली. "त्या एका देवमाणसाने मला नोकरी दिली. चौकशी तेच घेणार आहेत. तेवढाच आधार आहे मला."

तात्या म्हणजे नगरपालिकेचे चिटणीस. साध्या कपड्यातले, हळू आवाजाचे, सायकलवर फिरणारे. दहा वर्षं ते एकच काम करत होते. गावाच्या उत्तरेला दुसरा बंब, दुसरी अँब्युलन्स, मोठं इस्पितळ, असा एक आराखडा. तो दोन बोटांनी स्वतःच टंकून काढला होता. कुणाला हात लावू देत नसत. समितीसाठी लाखबंद पाकिटात घालून ठेवला होता. त्यांच्याविरुद्ध गावात कुणी ब्र काढला नसता.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने रजा टाकली. आयुष्यात तिसऱ्यांदा.

औषधवाला दुकानात डुलक्या घेत होता. फोनची वही मात्र नीटनेटकी.

"दोन बारा, दोन पंचवीस, दोन तेहतीस," त्याने बोट ठेवून वाचलं. "तीनही वेळा तुमच्या नणंदेनेच उचलला."

"उचलला? मग ती झोपली होती कशी?"

औषधवाला गोंधळला. "हो की. पण मला एवढंच विचारलं, पहिला फोन किती वाजता केला. पुढचं कुणी विचारलंच नाही."

"विचारायला कोण आलं होतं?"

"तात्यांचा शिपाई."

बंबवाले साहेब आवारात बूट पुसून घेत होते. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पावणेदोनला मी माणसं घेऊन निघालो तेव्हा अँब्युलन्स जागेवर होती. डोळ्यांनी बघितली."

"परत कधी आलात?"

"तीनला."

"मधल्या वेळात जागेवर होती की नव्हती, हे तुम्हाला ठाऊक नाही."

"तसं… नाही. पण जाणार कुठे?"

"आणि सगळी माणसं नेलीत? एखादं दुकान पेटलं असतं तर?"

"अहो, सलामीला बारा जण लागतात, सिस्टर," साहेब म्हणाले, आणि तिला कळेना की या माणसाची कीव करावी की त्याच्या बुटांवर थुंकावं.

अँब्युलन्सच्या जागेत, मागच्या भिंतीला, गोणपाटाखाली एक सिलिंडर उभा होता. तिने किल्ली फिरवून पाहिली. सूं करून हवा आली. भरलेला होता.

भोंगा गाडी धूत होता. इतकी धूत होता की चाकांखाली डबकं झालं होतं.

"सिलिंडर सापडला बरं का," ती म्हणाली.

"अरे वा. मग घोर मिटला."

"तो का काढलास?"

"जड होतो हो."

"गाडीला जड होतो? गाडी काय तू डोक्यावर घेतोस?"

भोंग्याने मान खाली घातली. "बाई, मला बायको आहे, तीन पोरी आहेत."

"शिंप्यालाही बायको होती. पडदे शिवत होता तो, तुमच्या पाहुण्यांसाठी."

त्याने फडकं पिळलं आणि पाठ फिरवली.

गार पाणी. भुसा. जागा करायला काढलेला सिलिंडर. सिस्टर रस्त्याने चालत होती आणि हे तिन्ही तिच्या डोक्यात एकमेकांना हाका मारत होते. कोपऱ्यावर एका हातगाडीवाल्याने गोणपाट दूर केलं, हाताने भुसा झाडला आणि टोच्याने एक तुकडा फोडला. ती जागच्या जागी उभी राहिली. मग तिने सरळ बर्फाच्या कारखान्याचा रस्ता धरला. गावाबाहेर चार मैल. टांगेवाला कुरकुरला, पण नेलं त्याने.

कारखान्याचा कारकून बोलका निघाला. "गुरुवारी? अहो, त्या दिवशी झुंबड होती. आमची गाडी चार वाजेपर्यंत बाहेर. पण इस्पितळाचं नाव आलं की आम्ही रांग मोडतो. तसा दंडकच आहे. पांढरी गाडी आली, चार लाद्या भुश्यासकट चढवल्या, गेली."

"इस्पितळाकडून कुणी मागवल्या?"

"फोनवर. पुरुषाचा आवाज. हळू बोलत होता, मागे भांड्यांचा खणखणाट. मी विचारलं, इतका बर्फ कशाला? दंडक आहे, कारण लिहावं लागतं." त्याने मागणीवही फिरवून तिच्यापुढे केली. एक पन्नास. सरकारी इस्पितळ. तापाचा वॉर्ड, खाटा वीस. चार लाद्या.

सिस्टरने ती ओळ दोनदा वाचली. तापाचा वॉर्ड तिच्याच ताब्यात होता. तिथे खाटा बारा. कधीच बाराच्या वर नव्हत्या. शिवाय चुना द्यायचा म्हणून गेले पंधरा दिवस वॉर्ड रिकामा, आणि त्या बाराही खाटा व्हरांड्यात उलट्या घालून ठेवलेल्या.

"ही वही सोमवारी घेऊन याल?"

"मी? नगरपालिकेत? मालक काय म्हणतील?"

"मालकांना सांगा, मोठ्या सिस्टरने बोलावलंय. त्यांची दोन्ही मुलं माझ्या हातावर झालीयत."

सोमवारी अकराला सभागृहात चौकशी बसली. खिडक्यांवर नवेकोरे पडदे होते. मधोमध तात्या, उजवीकडे अध्यक्ष रुमालाने मान पुसत, डावीकडे समितीचे दोन अधिकारी. त्यातला एक म्हातारा, किडकिडीत, सारखं काही तरी लिहून घेणारा. समोर नणंद, ताठ. मागच्या बाकावर शिंप्याची बायको.

तात्यांनी हळुवार आवाजात सगळं वाचलं. मग म्हणाले, "बाईंची सेवा चांगली आहे. मानवी चूक घडली. मी दयेची शिफारस करणार आहे. आता सिस्टर फक्त इस्पितळातली वेळ सांगतील."

"दोन एक्कावन्न," सिस्टर म्हणाली. "आणि आणखी थोडं सांगते."

"गरज नाही, सिस्टर."

"सांगू द्या," म्हाताऱ्या अधिकाऱ्याने वर न बघता म्हटलं.

"माझ्या नणंदेने फोन तीनदा उचलला. औषधवाला बाहेर बसलाय, विचारा त्याला. झोपलेली बाई तीन फोन उचलत नाही. ती जागी होती, गाडी जागेवर नव्हती. कुठे होती? शिंप्याची पाठ गार पाण्याने भिजली होती, तिला भुसा लागला होता. भुश्यात काय ठेवतात, हे पोरालाही ठाऊक आहे. त्याला झोपवलं त्या गादीवर दहा मिनिटांपूर्वी बर्फाच्या लाद्या होत्या. जागा व्हावी म्हणून प्राणवायूचा भरलेला सिलिंडर काढून गोणपाटाखाली ठेवला होता. तो अजून तिथेच आहे. साहेब, गुरुवारी दुपारी तुम्ही जेवायला कुठे होतात?"

म्हाताऱ्याची लेखणी थांबली. "इथेच."

"सरबत गार होतं?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"मग काय पाहुण्यांना कोमट पाणी द्यायचं?" अध्यक्ष फुत्कारले. "मी एवढंच म्हणालो होतो की सरबत गरम आहे, लाज जाईल. बर्फ कुठून आणला मला काय माहीत!"

"तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही एकपासून तीनपर्यंत पाहुण्यांच्या शेजारून उठला नाहीत ना?"

"नाही उठले," दुसरा अधिकारी म्हणाला.

"आणि बंबवाले साहेब तेव्हा बाहेर सलामीला. मग बर्फासाठी फोन कुणी केला? ज्याने केला त्याने इस्पितळाचं नाव घेतलं, तापाचा वॉर्ड सांगितला, खाटा वीस सांगितल्या." तिने कारखान्याच्या कारकुनाला खूण केली. त्याने वही टेबलावर ठेवली. "डॉक्टर म्हणा, मी म्हणा, आमचा झाडूवाला म्हणा, कुणीही बारा म्हणालं असतं. आणि तो वॉर्ड बंद आहे, हेही सांगितलं असतं. वीस हा आकडा इस्पितळात कुठेच नाही. तो ज्याच्या डोक्यात होता त्याने वॉर्ड कागदावर पाहिलाय, डोळ्यांनी नाही. साहेब, तुम्हाला गुरुवारी एक लाखबंद पाकीट मिळायचं होतं."

"मिळालं. या गडबडीत फोडलं नाही."

"आता फोडता?"

तात्या अर्धवट उठले. "तो कागद या चौकशीचा भाग नाही."

लाख तडकली. म्हाताऱ्याने पानं उलटली, बोट फिरवलं, आणि चढ-उतार नसलेल्या आवाजात वाचलं, "आराखडा. परिशिष्ट तीन. तापाचा वॉर्ड. खाटा, वीस."

भोंगा दारात उभा होता, तो मटकन खाली बसला. "तात्यांनीच पाठवलं, साहेब. म्हणाले, अर्ध्या तासाचं काम आहे. नंतर म्हणाले, जागेवर होतो म्हण, तुझ्या पोरींचं मी बघतो."

"आणि पाटी?" नणंदेने विचारलं. तिने तात्यांकडे पाहिलं. "तुम्ही मला तोंड धुवायला पाठवलंत."

तात्यांनी चष्मा काढून पुसला. आवाज तसाच हळू. "दहा वर्षं, सिस्टर. चाळीस हजार लोकांचा प्रश्न होता. निधी आला असता तर वर्षाला शंभर जीव वाचले असते. म्हणून चाकाचा नियम मीच काढला. बर्फाचं म्हणाल तर मी विचार केला होता. तीन दिवसांत सरासरी एक वर्दी येते. तेवढ्या अर्ध्या तासात येण्याची शक्यता फारच थोडी. तुम्हीच काढून बघा."

"मला नका सांगू. त्यांना सांगा." सिस्टरने मागच्या बाकाकडे हात केला.

शिंप्याची बायको उभी राहिली होती. "मी आठ वेळा रस्त्यावर जाऊन बघून आले," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी ते विचारायचे, आली का? मी म्हणायचे, आली, वळणावर आहे."

तात्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. आराखड्याची पानं मात्र वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांनी त्यावर हात ठेवला. सिस्टरला वीस वर्षांत पू, रक्त, ओकारी, कशाचीच शिसारी आली नव्हती. त्या हाताची आली.

तात्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर ते दुसऱ्या गावी बहिणीकडे राहिले आणि शेवटपर्यंत सरकारला टंकलेली पत्रं पाठवत राहिले. भोंग्याची नोकरी गेली. तो मालाचे ट्रक चालवू लागला. त्याच्या पोरींचं कुणी बघितलं नाही. बंबवाले साहेब बदलून गेले, तिथेही त्यांची सलामी नावाजली गेली म्हणतात. म्हाताऱ्या अधिकाऱ्याने आठ मिनिटांच्या नियमाविरुद्ध लांबलचक टिपण लिहिलं. ते वाचल्याची पोच आली, नियम तसाच राहिला. अध्यक्ष आणखी दोनदा निवडून आले. नऊ वर्षांनी दुसरी अँब्युलन्स आली तेव्हा फीत त्यांनीच कापली आणि भाषणात सेवाभावावर बरंच बोलले. शिंप्याच्या बायकोने मशिन विकलं नाही. परिचारिकांचे गणवेश पुढे कित्येक वर्षं तिच्याचकडे शिवले जात, आणि नगरपालिकेचं काम आलं की ती दार लावून घेई.

नणंदेला महिन्याभरात कामावर घेतल्याचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, दयाबुद्धीने. ती तशीच नगरपालिकेत गेली, म्हणाली, हा शब्द काढा. त्यांनी हसून घेतलं. मग ती दर सोमवारी जाऊ लागली. चौदा महिने. घर सिस्टरच्या पगारावर चाललं, दोघींची भांडणं झाली, एकदा तर तीन दिवस अबोला. अखेर नवं पत्र आलं. दोषी नव्हत्या, म्हणून पूर्ववत, एवढंच. तिने ते उभ्याने वाचलं, सिस्टरला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. पूर्ण पाळी बसली. संध्याकाळी राजीनामा देऊन घरी आली.

"अहो वन्सं!" सिस्टरने कपाळाला हात लावला. "मग चौदा महिने भांडलात कशाला?"

नणंदेने पायातल्या वहाणा काढून कोपऱ्यात ठेवल्या.

"नोकरी माझी होती, वहिनी. सोडायची तर मी सोडणार होते."